रिफंड अडला कुठे? कापलेला जादा कर खात्यात येईपर्यंतचा रस्ता



फेब्रुवारी आला की आमच्या कळंबोलीच्या शाळेत दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे दहावीच्या परीक्षेची बैठकव्यवस्था, आणि दुसरी स्टाफरूममध्ये फिरणारा आयकराचा तक्ता. आमचे क्लार्क प्रत्येकाच्या हातात कागद देतात आणि सांगतात, "या महिन्याच्या बिलात कर कापायचाय, पावत्या आजच द्या." परवा असाच कागद हातात घेऊन आमचे एक सर म्हणाले, "बाई, यंदाचा कर खुशाल कापा. पण मागच्या वर्षीचा रिफंडच अजून आलेला नाही. जुलैमध्ये रिटर्न भरलं, सात महिने झाले. विचारायचं कुणाला?"

मजा अशी, की त्याच आठवड्यात रिटर्न भरलेल्या दुसऱ्या एका बाईंना नवव्या दिवशी पैसे मिळाले होते. माझे ऑक्टोबरमध्ये आले, तेही मी धडपड केल्यावर. एकच शाळा, एकच वेतनश्रेणी, एकच पोर्टल. मग फरक कुठे पडतो? गणिताची शिक्षिका असल्यामुळे मला हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. मी जे समजून घेतलं ते इथे सांगते. पालकांनाही ते उपयोगी पडेल, कारण आपल्या भागात लोखंड बाजारात, ट्रान्सपोर्टमध्ये काम करणाऱ्या कितीतरी पालकांच्या बिलातून कर कापला जातो. एखाद्या आजीने १५एच फॉर्म बँकेत द्यायचा राहिला तर तिच्या मुदत ठेवीच्या व्याजातूनही कापला जातो. मग रिटर्न भरल्याशिवाय तो पैसा परत येत नाही.

आधी एक सूचना. खाली जी कलमं सांगते आहे ती १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. पण आपण गेल्या जुलै-सप्टेंबरमध्ये भरलेलं रिटर्न हे आर्थिक वर्ष २०२४-२५ चं, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चं आहे. त्याला जुनाच कायदा लागतो.

पैशाचा प्रवास

आपल्या पगारातून कापलेला कर शाळा सरकारजमा करते आणि दर तिमाहीला त्याचं विवरण देते. पगारासाठी त्या विवरणाला २४क्यू म्हणतात. त्यात तुमचा पॅन आणि रक्कम बरोबर असेल, तर ती रक्कम तुमच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसायला लागते. मग तुम्ही रिटर्न भरता. ते पडताळता, म्हणजे आधारच्या ओटीपीने किंवा नेटबँकिंगने "हे माझंच आहे" असं सांगता. तिथून ते बंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्रात जातं. साधारण सगळे ज्याला सीपीसी म्हणतात ते हेच. तिथे संगणक तुमचा हिशेब आणि विभागाकडची माहिती समोरासमोर ठेवतो आणि कलम १४३(१) खाली एक सूचनापत्र काढतो. रिफंड निघत असेल तर तो स्टेट बँक ऑफ इंडियामार्फत तुमच्या खात्यात पाठवला जातो; तुमचं खातं कुठल्याही बँकेत असो.

या रस्त्यावर पैसा कुठेही अडू शकतो, आणि प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा आहे. "रिफंड आला नाही" एवढं म्हणून भागत नाही, तो कुठल्या नाक्यावर उभा आहे ते आधी पाहावं लागतं. त्यासाठी पोर्टलवर लॉगिन करायचं, ई-फाइल मध्ये जाऊन इन्कम टॅक्स रिटर्न्स आणि त्यात व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स उघडायचं. तिथे त्या वर्षाच्या समोर सगळा प्रवास तारखांसकट दिसतो. कधी भरलं, कधी पडताळलं, प्रक्रिया झाली की नाही, रिफंड पाठवला की परत गेला.

आमच्या सरांनी सात महिन्यांत हे पान एकदाही उघडलेलं नव्हतं. का, ते पुढे सांगते.

किती दिवस थांबणं रास्त?

आयकर विभागाची आकडेवारी सांगते की रिफंडला लागणारा सरासरी वेळ २०१३ मध्ये ९३ दिवस होता, तो २०२४ मध्ये १७ दिवसांवर आला. हे खरंच मोठं काम आहे. पूर्वी चेक टपालाने यायचा, घराला कुलूप असलं की तो परत जायचा, आणि मग पत्रव्यवहार. १ मार्च २०१९ पासून रिफंड फक्त थेट बँक खात्यातच येतो.

पण सरासरी म्हणजे काय ते आपण वर्गात शिकवतोच. दहा मुलांना ९० गुण आणि दोघांना ५ मिळाले तरी सरासरी चांगलीच दिसते. त्या दोघांचं काय, ते सरासरी सांगत नाही. शिवाय कायद्याने विभागाला दिलेली मुदत १७ दिवसांची नाहीच. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते वर्ष संपल्यावर नऊ महिने, एवढ्या काळात १४३(१) ची सूचना काढता येते. म्हणजे जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. आपल्याला पडताळणीला ३० दिवस आणि त्यांना जवळजवळ दीड वर्ष, हे मला पटत नाही. पण नियम असा आहे, आणि तो माहीत असला म्हणजे विनाकारण घाबरायला होत नाही.

माझा स्वतःचा अंदाज असा: प्रक्रिया बाकी असेल आणि बाकी सगळं बिनचूक असेल, तर दोन-तीन महिने शांत राहावं. मात्र दर पंधरा दिवसांनी ते पान उघडून बघावं. काही अडचणींना उत्तर देण्याची मुदत फार छोटी असते.

आपल्याच हातून अडलेला पैसा

सगळ्यात साधी चूक म्हणजे रिटर्न भरून पडताळणी न करणं. ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठी ३० दिवस मिळतात, पूर्वी १२० मिळायचे. पडताळणी झाली नाही तर सीपीसीच्या लेखी ते रिटर्न विचारात घेण्यासारखं नाहीच. ३० दिवसांनंतर केली तर पडताळणीची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते आणि उशिराचं शुल्क वगैरे मागे लागतं. ज्यांना ओटीपी जमत नाही त्यांनी सही केलेला आयटीआर-व्ही कागद टपालाने बंगळुरूला पाठवला तरी चालतो, पण तोही त्याच मुदतीत.

दुसरी गोष्ट पॅन-आधार जोडणीची. ३० जून २०२३ ची मुदत चुकवलेल्यांचा पॅन निष्क्रिय झाला. निष्क्रिय पॅनवर रिफंड मिळत नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही. हजार रुपये शुल्क भरून तो पुन्हा चालू करता येतो. पगारदारांमध्ये हे आता फारसं राहिलेलं नाही, पण घरातल्या आई-वडिलांचे पॅन एकदा तपासा.

आता माझं स्वतःचं. माझं खातं ज्या बँकेत होतं ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. २०१९ आणि २०२० मध्ये असं बऱ्याच बँकांचं झालं, आठवत असेल. देना आणि विजया बँक बडोदा बँकेत गेल्या, सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. खाती चालू राहिली, पण आयएफएससी कोड बदलले. पासबुक नवं मिळालं, मी ते कपाटात ठेवलं. पोर्टलवर मात्र माझा जुनाच कोड होता आणि रिफंडसाठी तेच खातं निवडलेलं होतं. ऑगस्टमध्ये रिफंड निघाला आणि परत गेला. पानावर लाल अक्षरात "रिफंड फेल्ड" लिहिलेलं मी सप्टेंबरमध्ये पाहिलं. चूक माझीच होती.

उपाय अवघड नव्हता. प्रोफाइलमध्ये माय बँक अकाउंट मध्ये जाऊन जुनं खातं काढलं, नव्या कोडसह पुन्हा घातलं, "व्हॅलिडेटेड" असं येईपर्यंत थांबले आणि "नॉमिनेट फॉर रिफंड" चं बटण चालू केलं. मग सर्व्हिसेस मध्ये रिफंड रीइश्यू अशी विनंती टाकली आणि तीही ओटीपीने पडताळली. इथे बरेच जण फसतात. खातं दुरुस्त केलं की पैसे आपोआप पुन्हा येतील असं त्यांना वाटतं. एकदा परत गेलेला रिफंड मिळवायला रीइश्यूची विनंती करावीच लागते.

खात्याच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक खास अडचण आहे, आणि ती बायकांच्या वाट्याला जास्त येते. पॅन माहेरच्या नावाने काढलेला, बँकेत सासरचं नाव. किंवा एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. बँकेतलं नाव पॅनवरच्या नावाशी जुळलं नाही की खात्याची पडताळणी नापास होते. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं असंच झालं. त्या म्हणाल्या, "मुलांच्या दाखल्यात एक वेलांटी चुकली तर आपण पालकांना सतरा हेलपाटे घालायला लावतो, आता माझ्यावर वेळ आली." मग विवाह नोंदणीचा दाखला लावून त्यांनी पॅनमध्ये नाव बदलून घेतलं, आधारवरचंही तेच आहे याची खात्री केली, आणि मग बँकेत तसंच करून घेतलं. कुठलंही एक नाव ठरवा, पण पॅन, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी तेच ठेवा. हे काम सुट्टीत उरकावं. जुलैमध्ये ऐन गर्दीत त्याच्या मागे लागलात तर रिटर्नची तारीख चुकायची.

आणि हो, तक्रार करण्याआधी सगळी खाती तपासा. एका ओळखीच्या गृहस्थांनी चार महिने विभागाला दोष दिला, आणि पैसे त्यांच्या जुन्या, कधी न उघडणाऱ्या खात्यात येऊन पडले होते.

शाळेकडून किंवा मालकाकडून अडलेला

पगाराच्या स्लिपवर कर कापल्याचं दिसतं, फॉर्म १६ वरही दिसतं, पण २६एएसमध्ये नाही. अशा वेळी सीपीसीचा संगणक २६एएसवर विश्वास ठेवतो. तुमच्या रिटर्नमधला कापलेला कर तो नामंजूर करतो. रिफंड राहिला बाजूला, उलट भरण्याची मागणी येते. कारण बहुतेक वेळा साधं असतं: शाळेने चौथ्या तिमाहीचं विवरण ३१ मे पर्यंत भरलेलं नसतं, किंवा पॅनमधला एखादा अंक चुकलेला असतो. म्हणून जून उजाडल्यावर आधी २६एएस बघा, मगच रिटर्न भरा. फरक दिसला तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगणं आपल्या क्षेत्रात विरून जातं, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

मालकाने कर कापला आणि भरलाच नाही तर? कलम २०५ सांगतं की कापलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून मागता येत नाही. हे कलम जुनं आहे, पण ते फारसं पाळलं जात नव्हतं. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका सनदी लेखापालाच्या पत्राची स्वतःहून दखल घेऊन रिफंड अडवण्याच्या या सगळ्या पद्धतींवर निकाल दिला. न जुळणाऱ्या टीडीएसमुळे सामान्य करदात्याला त्रास होऊ नये, आणि जुन्या थकबाकीपोटी रिफंड वळवण्याआधी त्याला विचारलं पाहिजे, असं त्यात बजावलं. पुढे २०१५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलं की मालकाने न भरलेल्या टीडीएससाठी कर्मचाऱ्यावर सक्तीची वसुली करू नये. तेव्हा पगाराच्या स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६ सगळं जपून ठेवा. हाच तुमचा पुरावा.

शिक्षकांसाठी खास म्हणजे फॉर्म १०ई. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी आपल्याला पाच हप्त्यांत देण्याचं ठरलं होतं, आणि हप्ते कुणाला वेळेवर, कुणाला मागाहून मिळाले. ज्या वर्षी फरक मिळतो त्या वर्षीचं उत्पन्न फुगतं आणि कर जास्त बसतो. त्याला दिलासा देणारं कलम ८९ आहे: फरक ज्या त्या वर्षात विभागून कर काढायचा आणि जादा बसलेला कर वजा करायचा. पण हा दिलासा रिटर्नमध्ये नुसता लिहून चालत नाही. आधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो. क्लार्कने फॉर्म १६ मध्ये दिलासा दाखवलाय, मग झालं, असं समजून कितीतरी जण हा फॉर्म भरत नाहीत. सूचनापत्र येतं तेव्हा दिलासा शून्य केलेला असतो. मला वाटतं, शिक्षकांच्या अडलेल्या रिफंडमागे हे कारण जितकं असतं तितकी त्याची चर्चा होत नाही.

जुनी बाकी

कधीकधी मागच्या एखाद्या वर्षाची मागणी तुमच्या नावावर पडून असते आणि रिफंड त्यात वळता होतो. कलम २४५ खाली त्याआधी तुम्हाला कळवावं लागतं आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. पेंडिंग ॲक्शन्स मध्ये रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड असं पान आहे. मान्य नसेल तर तिथेच कारण आणि कागद जोडायचे. गप्प राहिलात तर तुम्ही कबूल आहात असं धरलं जातं. अगदी जुन्या किरकोळ मागण्या मात्र फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात माफ झाल्या. २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या, आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या.

सरांचं काय झालं

आता सरांकडे येते. त्यांना ते पान उघडता आलं नाही कारण पासवर्ड त्यांच्याकडे नव्हताच. तो होता रिटर्न भरून देणाऱ्या एका एजंटकडे. आधार ओटीपीने आम्ही पासवर्ड बदलला आणि प्रोफाइल बघितलं, तर मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्या एजंटचे. म्हणजे सात महिने विभागाकडून जे जे काही आलं, ते सगळं तिसऱ्याच माणसाच्या फोनवर.

मग रिटर्न उघडलं. वजावटींच्या यादीत ८०जीजीसी खाली ६०,००० रुपये. हे कलम राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीचं. सर दोन मिनिटं गप्पच बसले. "बाई, मी कुणाला एक रुपया दिलेला नाही." एजंटने सांगितलं होतं, "सर, तुम्हाला कमी रिफंड बसतोय, मी जास्त काढून देतो," आणि दोन हजार आगाऊ घेतले होते. २०.८ टक्के दराने त्या खोट्या देणगीवर १२,४८० रुपये कर वाचतो. रिटर्नमधला रिफंड २१,३०० होता. खरा बसत होता ८,८२०.

अशी माणसं गावोगाव शाळांच्या आणि कंपन्यांच्या दारात फिरतात, हे विभागालाही माहीत आहे. १४ जुलै २०२५ ला देशभरात १५० ठिकाणी खोट्या वजावटींबद्दल कारवाई झाली. त्या वेळी विभागाने सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. म्हणूनच यंदा बरेच रिफंड रेंगाळले. कर मंडळाचे अध्यक्ष रवी अग्रवाल यांनी नोव्हेंबरमध्ये सांगितलं होतं की छोट्या रकमांचे रिफंड सोडले जात आहेत, मोठ्या रकमांचे आणि ठरावीक वजावटींचे तपासले जात आहेत. डिसेंबरमध्ये अशा करदात्यांना विभागाने एसएमएस आणि ईमेल पाठवून ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरायची संधी दिली. सरांना तसा निरोप गेला असेल, तर तो एजंटच्याच फोनवर गेला.

ती तारीख हुकल्यावर आता अद्ययावत रिटर्नचा मार्ग उरतो, त्यात जादा कर द्यावा लागतो. आणि काहीच केलं नाही तर उत्पन्न चुकीचं दाखवल्याबद्दल कलम २७०ए खाली त्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. सरांची चूक एवढीच की त्यांनी भरलेलं रिटर्न वाचलं नाही. पण पॅन त्यांचा आहे, त्यामुळे उत्तरही त्यांनाच द्यायचं. एजंटचं नाव रिटर्नवर कुठेच नाही.

म्हणून कृपा करून दोन गोष्टी आजच बघा. पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचे स्वतःचे आहेत का, आणि मागच्या रिटर्नमधल्या प्रत्येक वजावटीची पावती तुमच्या घरात आहे का. शिकलेल्या माणसाने रिटर्न दुसऱ्याकडून भरून घ्यायला काहीच हरकत नाही, मीही सीएंची मदत घेते. पण सबमिट करण्याआधी ते वाचायचं. उत्तरपत्रिकेवर सही करण्याआधी आपण बेरीज तपासतोच ना?

खोटे निरोप

रिफंडची वाट बघणारा माणूस भुरट्यांना चांगला ओळखता येतो. २०२३ मध्ये एक एसएमएस फिरत होता: तुम्हाला १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झालाय, खातं क्रमांक चुकीचा असेल तर खालच्या लिंकवर दुरुस्त करा. पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने तो खोटा असल्याचं जाहीर केलं. खातं क्रमांक मुद्दाम चुकीचा दिलेला असतो, म्हणजे माणूस घाईघाईने दुरुस्त करायला जातो. असे निरोप अजूनही वेगवेगळ्या रकमांनी येतात.

ओळखायचं कसं? निरोपातल्या लिंकला हातच लावू नका. इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा आणि लॉगिन करून बघा. खरी सूचना असेल तर ती तिथे असतेच. ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो खरा आहे का, हे त्याच पोर्टलवर तपासता येतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

उशिराचं व्याज

उशिरा आलेल्या रिफंडवर कलम २४४ए प्रमाणे दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. मुदतीत रिटर्न भरलं असेल तर ते १ एप्रिलपासून मोजतात आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. समजा रिफंड १८,४०० रुपये आहे आणि तो २० फेब्रुवारी २०२६ ला मिळाला. एप्रिल ते फेब्रुवारी ११ महिने, म्हणजे साडेपाच टक्के, म्हणजे १,०१२ रुपये. सातवीतल्या सरळव्याजाचं गणित आहे, मी ते वर्गात घातलंसुद्धा. मुलांनी विचारलं, "बाई, सरकार आपल्याला व्याज देतं?" त्यांचा विश्वासच बसेना.

दोन अटी लक्षात ठेवा. रिफंड हा एकूण ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज नाही. कर १,२०,००० आणि रिफंड ९,००० असेल तर शून्य. आणि उशीर आपल्यामुळे झाला असेल, तर तेवढा काळ वगळला जातो. हे व्याज करपात्र असतं. पुढच्या रिटर्नमध्ये इतर उत्पन्नात दाखवा. नाही दाखवलं तर वार्षिक माहिती विवरणात ते दिसतंच, आणि पुढचा रिफंड त्यावरून अडतो.

तक्रार

सगळं तपासलं, तरी काही हलत नाही, तर पोर्टलवर ग्रीव्हन्सेस मध्ये तक्रार नोंदवा. त्यात रागाने निबंध लिहू नका. पॅन, करनिर्धारण वर्ष, पोचपावती क्रमांक, पडताळणीची तारीख, सध्या पानावर दिसणारी स्थिती आणि काय हवं ते, एवढंच पाच ओळींत लिहा. सीपीसीचा मदत क्रमांक १८०० १०३ ००२५. तिथून समाधान झालं नाही तर केंद्र सरकारचं सीपीग्राम्स आहे. पनवेलला आयकर कार्यालय आहे, पण रिटर्नची प्रक्रिया बंगळुरूत होते. पोर्टलवर "स्थानिक अधिकाऱ्याकडे पाठवलं" असं दिसत असेल तरच तिथे जाण्यात अर्थ आहे. उगीच अर्धी रजा वाया घालवू नका.

सरांनी त्या दिवशी मोबाइल नंबर आणि ईमेल बदलून घेतले, रिटर्नची आणि २६एएसची प्रिंट काढली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघं पनवेलला माझ्या सीएंकडे जाणार आहोत. एजंटला त्यांनी फोन केला होता. तो म्हणाला, "सर, थांबा थोडं, येईल." सरांनी फोन ठेवला आणि क्लार्ककडे जाऊन यंदाच्या तक्त्यातली प्रत्येक पावती स्वतः मोजून दिली.

तुमचा रिफंड यातल्या कुठल्या नाक्यावर अडलाय ते कळवा. कुणाला फॉर्म १०ई भरताना अडचण आली असेल तर तेही लिहा. त्यावर पुढच्या लेखात उदाहरण सोडवून दाखवते.